पेल्व्हिक फ्लोअर म्हणजे काय? आणि शहापूर-मुरबाडला त्याचे जाणकार कसे मिळतील?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात घर असेल, तर बायकांच्या बोलण्यात "अंग बाहेर येतं" हे वाक्य तुमच्या कानावर कधी ना कधी पडलं असेल. कोणी "पिशवी खाली उतरली" म्हणतं, कोणी नुसतंच "खालचा त्रास" म्हणून विषय बदलतं. खोकताना, शिंकताना थेंबभर लघवी होते, तो तर त्रास म्हणून मोजलाच जात नाही. "पोरंबाळं झाली की व्हायचंच" असं सासू सुनेला सांगते आणि पुढे ती सून तिच्या सुनेला.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घर शहापूरला, आजोळ मुरबाडकडे, नोकरी ऐरोलीत. फिजिओथेरपी करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, "ओटीपोटाच्या व्यायामाचं मराठी ॲप करूया का?" कोड लिहायच्या आधी विषय समजून घ्यावा म्हणून वाचायला बसले, डॉक्टर-नर्स मंडळींशी बोलले. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. या त्रासावरचे बहुतेक उपाय जुने, साधे आणि फारसे महाग नसलेले आहेत. कमी आहे ती ते उपाय नीट वापरता येणाऱ्या माणसांची, आणि अशी माणसं घडवण्याचीही एक पद्धत असते. आज तेच समजून घेऊया.

पेल्व्हिक फ्लोअर म्हणजे नेमकं काय?

जुन्या घरात दही-लोण्याचं मडकं शिंक्यात टांगलेलं असायचं. समजा त्या मडक्याला खालून एका पाटाचाही आधार दिलाय. पाट भक्कम असेल तोवर शिंक्याच्या दोऱ्यांवर फारसा ताण येत नाही. पाट खचला की सगळं वजन दोऱ्यांवर येतं, त्या हळूहळू लांबतात आणि मडकं खाली येतं.

बाईच्या ओटीपोटात असंच असतं. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय हे तीन अवयव शेजारी शेजारी असतात. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर ताणलेला असतो. हा आपला पाट, म्हणजेच पेल्व्हिक फ्लोअर. वरून या अवयवांना धरून ठेवणारे चिवट पट्टे असतात, त्या शिंक्याच्या दोऱ्या. या पाटाला लघवीचा मार्ग, योनीमार्ग आणि शौचाचा मार्ग यांच्यासाठी वाट ठेवावी लागते. म्हणजे वजनही पेलायचं, गरजेला उघडायचं आणि एरवी बंद राहायचं, अशी तिहेरी ड्यूटी.

हा पाट कमजोर झाला की साधारण तीन प्रकारचे त्रास होतात:

- अंग बाहेर येणं: गर्भाशय, लघवीची पिशवी किंवा गुदाशयाचा भाग योनीमार्गात खाली सरकतो. डॉक्टर याला प्रोलॅप्स म्हणतात.
- लघवीवरचा ताबा सुटणं: खोकताना, हंडा उचलताना गळणं किंवा घाई लागून मोरीपर्यंत पोचेस्तोवर होणं.
- शौच किंवा वायूवरचा ताबा सुटणं: बाळंतपणात मागचा स्नायू फाटलेला असतो आणि तो नीट शिवला जात नाही, तेव्हा हे जास्त दिसतं.

याशिवाय फिस्टुला नावाची एक वेगळी जखम आहे. बाळंतपण फार वेळ अडून राहिलं, तर बाळाच्या डोक्याच्या दाबाने लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. आपल्याकडे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली तसे हे प्रकार कमी झाले, पण जगाच्या काही भागात अजूनही भरपूर आहेत. याचा संदर्भ पुढे येईल.

पाट खचतो का?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे बाळंतपण. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २००४ मध्ये बाळंतपणाचं कॉम्प्युटर मॉडेल प्रसिद्ध केलं. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा सर्वात आतला भाग मूळ लांबीच्या ३.२६ पट ताणला जातो, असं त्यात दिसलं. दंडाचा स्नायू तिप्पट ताणला तर काय होईल, याची कल्पना करा. बहुतेक वेळा शरीर यातून सावरतं, पण त्यासाठी वेळ आणि विश्रांती लागते.

इथेच आपल्या भागाचा प्रश्न येतो. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हंडा आणि कळशी डोक्यावर घेऊन चढ चढणं, लाकडाची मोळी आणणं, भाताच्या लावणीत दिवसभर वाकणं. बाळंतपणानंतर यातल्या कशातूनच फार काळ सुट्टी मिळत नाही. पोटावर जोर पडला की आतला दाब खाली पाटावर येतो. चुलीच्या धुराने जडलेला जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांचंही तसंच. पुढे पाळी गेली की हार्मोन कमी होतात, तिथल्या पेशी अशक्त होतात आणि इतकी वर्षं दबलेला त्रास डोकं वर काढतो.

किती बायकांना होतं हे?

या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं सर्वात गाजलेलं काम गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांमध्ये स्त्रीरोगाचा किमान एक तरी आजार निघाला, सरासरी प्रत्येकीला ३.६. यात सगळे स्त्रीरोग आले, नुसता पेल्व्हिक फ्लोअर नाही. पण खरा धक्का पुढच्या आकड्यात होता. यापैकी फक्त ८ टक्के बायकांची त्याआधी कधीतरी स्त्रीरोग तपासणी झालेली होती. त्रास होता, तपासणारं कोणी नव्हतं.

२०११ मध्ये विकसनशील देशांतल्या ३० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अंग बाहेर येण्याचं सरासरी प्रमाण १९.७ टक्के आणि लघवी गळण्याचं २८.७ टक्के निघालं. मात्र प्रोलॅप्सचे आकडे एका अभ्यासात ३.४ टक्के, तर दुसऱ्यात ५६.४ टक्के होते. एवढी तफावत नुसत्या प्रदेशांमुळे येत नाही. कोणी बायकांना प्रश्न विचारून मोजलं, कोणी तपासून मोजलं, आणि "खाली उतरलंय" म्हणजे किती, याची व्याख्याही प्रत्येकाची वेगळी.

मोजायचं कसं?

आम्हा इंजिनिअर लोकांना हा भाग लगेच पटतो. दोन सिस्टिमना एकमेकींशी बोलायचं असेल तर फॉरमॅट एक हवा. १९९६ साली या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी असा फॉरमॅट ठरवला. त्याचं नाव पीओपी-क्यू.

कल्पना अगदी सोपी आहे. योनीमुखाजवळचा एक पक्का बिंदू शून्य धरायचा. बाईला जोर करायला सांगायचं आणि आतले ठरलेले बिंदू त्या शून्यापासून किती सेंटिमीटरवर येतात ते मोजायचं. शून्याच्या आत असेल तर उणे, बाहेर असेल तर अधिक. एकूण ९ मापं आणि त्यावरून ० ते ४ असे टप्पे. साधन म्हणून खुणा केलेली एक काडी पुरते.

स्नायूची ताकद मोजायला ऑक्सफर्ड स्केल आहे, ० ते ५. तपासणारी व्यक्ती ग्लोव्ह घालून बोटाने तपासते आणि बाईला स्नायू आवळायला सांगते. काहीच हललं नाही तर ०, बोट घट्ट धरून आत ओढलं गेलं तर ५.

यात मशीन कुठेच नाही. पण ही मापं दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी घेतली तरी जुळायला हवीत. ते जुळणं पुस्तक वाचून येत नाही. शिकवणाऱ्यासोबत त्याच बाईची तपासणी करायची, तिची परवानगी घेऊन, आणि आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहायचा. असं पुन्हा पुन्हा केलं की हात तयार होतो.

मग व्यायामाचं ॲप पुरेसं का नाही?

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये या स्नायूंचा व्यायाम मांडला. सोबत त्यांनी पेरिनिओमीटर नावाचं दाब मोजणारं उपकरणही वापरलं, म्हणजे बाईला स्वतःचा जोर काट्यावर दिसायचा. आज ब्लूटूथवर चालणारी जी महागडी बायोफीडबॅक यंत्रं विकली जातात, त्यांची ही आजी म्हणायला हरकत नाही.

व्यायामाचा उपयोग होतो का? होतो. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, खोकताना-उचलताना लघवी गळणाऱ्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्या गटात ५६ टक्के बायकांनी आपण बऱ्या झाल्याचं सांगितलं. व्यायाम न करणाऱ्या गटात फक्त ६ टक्क्यांनी.

पण दुसरा एक छोटा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटला. १९९१ मध्ये ४७ बायकांना हा व्यायाम थोडक्यात, तोंडी समजावून सांगितला आणि लगेच मोजून पाहिलं. साधारण निम्म्या बायकांना तो बरोबर जमला. आणि २५ टक्के बायका नेमकं उलटं, म्हणजे त्रास वाढू शकेल अशा प्रकारे जोर लावत होत्या. आवळून वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलत होत्या.

हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. चूक झाली तरी कॅमेऱ्याला कळत नाही, व्हिडिओला तर नाहीच. ॲप "आवळा, ५ सेकंद, सोडा" असं हजार वेळा म्हणेल आणि चारातली एक बाई हजार वेळा चुकीचा जोर लावेल. एकदा तपासून "हं, आता बरोबर" असं सांगणारी व्यक्ती भेटली की मगच ॲपची आठवण कामाची. मैत्रिणीला मी हेच सांगितलं आणि आमच्या ॲपचं काम बदललं. काय बदललं ते पुढे सांगते.

रिंग: सर्वात दुर्लक्षित उपाय

पेसरी किंवा रिंग हा उपाय फार जुना. प्राचीन ग्रीक वैद्यकात अंग वर राहावं म्हणून अर्धं डाळिंब वापरल्याचे उल्लेख आहेत. आज सिलिकॉनची लवचीक रिंग मिळते. ती आत बसवली की उतरलेला भाग वर राहतो. ऑपरेशन नाही, भूल नाही, आणि नको असेल तर काढून टाकता येते. ऑपरेशन झेपणार नाही अशा म्हाताऱ्या बाईला, लावणीच्या दिवसांत दवाखान्यात राहणं शक्य नसलेलीला किंवा अजून मूल हवं असलेलीला याचा मोठा आधार होतो.

मात्र रिंगची साइज बरोबर हवी. छोटी पडली तर निसटते, मोठी झाली तर टोचते. अधूनमधून काढून, धुऊन, आत जखम नाही ना हे बघून परत बसवावी लागते. रिंग बसवली आणि वर्षानुवर्षं विसरली, तर आत जखमा होतात. क्वचित ती शेजारच्या अवयवातही रुतते. म्हणजे इथेही वस्तू साधी आहे. बसवणारी, शिकवणारी आणि "अमुक काकू तीन महिन्यांनी आल्या का?" हे बघणारी व्यक्ती नसेल, तर तीच वस्तू धोक्याची होते. शिकलेली नर्स हे काम उत्तम करू शकते, सर्जनची गरज नाही.

आणि ऑपरेशन?

काही बायकांना ऑपरेशन लागतंच. आपल्याला अभिमान वाटावा असा इतिहास इथे आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १९५५ च्या 'शिरोडकर टाक्या'मुळे जगभर माहीत आहेत. त्यांनी तरुण बायकांच्या प्रोलॅप्ससाठी गर्भाशय न काढता ते पट्ट्याने वर बांधून घेण्याची शस्त्रक्रियाही बसवली. मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी बाईच्या स्वतःच्या पोटाच्या आवरणातल्या पट्ट्या वापरून असंच ऑपरेशन केलं. गरज इथली होती. आपल्याकडे तरुण वयातल्या, अजून मूल हव्या असलेल्या बायकांमध्ये प्रोलॅप्स दिसत होता, म्हणून उत्तरही इथेच शोधलं गेलं. मुंबईपासून रेल्वेने आसनगाव सुमारे ८५ किलोमीटर. ज्ञान इतकं जवळ होतं.

तरीही गावाकडे एकच सल्ला ऐकू येतो, "पिशवी काढून टाका." परत शिंकं आठवा. मडकं काढलं म्हणून खचलेला पाट दुरुस्त होत नाही. गर्भाशय काढल्यावर आधाराचे पट्टे नीट शिवले नाहीत, तर योनीचा वरचा भाग किंवा लघवीची पिशवी नंतर खाली येऊ शकते. काही जणींना गर्भाशय काढणं खरंच आवश्यक असतं. पण दुसरा पर्याय देणारं कोणीच नसल्यामुळे तो एकमेव पर्याय होणं, ही वेगळी गोष्ट.

हे कुठवर जाऊ शकतं ते बीड जिल्ह्यात दिसलं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे सहातली एक. तिथली कारणं बरीच होती: पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, खाडा झाला की कापली जाणारी मजुरी. तो सगळा प्रोलॅप्स नव्हता. पण साध्या तक्रारीवर साधा उपचार देणारा माणूस मधल्या पायरीवर नसला की गाडी थेट शेवटच्या पायरीवर जाते, हे त्यातून कळतं.

उलट टोकाचं उदाहरण श्रीमंत देशांचं. तिथे प्रोलॅप्ससाठी योनीमार्गातून बसवायच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या जोरात विकल्या गेल्या. वेदना आणि जखमांच्या तक्रारी आल्या. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यांची विक्री थांबवायला सांगितलं. नवं तंत्रज्ञान आलं म्हणजे प्रश्न सुटला, असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

गरीब देशांनी हे जाणकार कसे घडवले?

*इथिओपिया.* कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ मध्ये तिथे गेलं आणि १९७४ मध्ये त्यांनी आदिस अबाबा इथे फिस्टुलाचं खास रुग्णालय सुरू केलं. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक होती मामितू गाशे. शाळेचं तोंड न पाहिलेली, पहिल्याच बाळंतपणात जखमी झालेली खेड्यातली मुलगी. बरी झाल्यावर ती तिथेच राहिली, अंथरुणं घालू लागली, मग ऑपरेशनला मदत करू लागली आणि शेवटी स्वतः फिस्टुलाची ऑपरेशनं करू लागली. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने तिला सुवर्णपदक दिलं. आपल्याकडे कायद्याने असं करता येणार नाही आणि करूही नये. पण एक ठराविक कौशल्य, चांगल्या गुरूच्या शेजारी उभं राहून, वर्षानुवर्षं हाताखालून गेलं की काय होतं, याचा हा पुरावा आहे. २००७ मध्ये याच संस्थेने सुईणींचं कॉलेज काढलं, म्हणजे जखम व्हायच्या आधीच रोखणारी माणसं घडवायला घेतली.

*एक समान अभ्यासक्रम.* स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना फिगो हिने २०११ मध्ये भागीदारांसोबत फिस्टुला शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण-पुस्तक काढलं आणि २०१२ पासून आफ्रिका-आशियातल्या सर्जनना त्यानुसार शिकवायला सुरुवात केली. यात 'किती महिने शिकलात' यापेक्षा 'काय करता येतं' याला महत्त्व आहे. साधी, अवघड आणि अतिअवघड अशा तीन पातळ्या. खालची पातळी सिद्ध झाली तरच वरची. आणि प्रशिक्षण संपल्यावर शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या स्वतःच्या दवाखान्यात जाऊन बघतो, कारण तिथली लाइट, तिथली टेबलं, तिथली नर्स वेगळी असते.

*दुरून हात धरणं.* २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात भारतीय वंशाचे डॉ. संजीव अरोरा यांनी प्रोजेक्ट इको सुरू केला. दर आठवड्याला गावोगावचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर जमतात, आपापले पेशंट नाव न घेता मांडतात आणि तज्ज्ञासोबत सगळे मिळून शिकतात. २०११ मध्ये त्याचा निकाल छापून आला. हेपॅटायटिस सी बरा होण्याचं प्रमाण विद्यापीठात ५७.५ टक्के, गावाकडच्या केंद्रांवर ५८.२ टक्के. तपासणीचा हात व्हिडिओवर शिकवता येत नाही, पण शिकलेला हात गंजू न देण्यासाठी ही पद्धत चांगली.

आपल्या दोन तालुक्यांचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाखांच्या वर आणि मुरबाडची २ लाखांच्या आसपास होती. म्हणजे एकूण साधारण ५ लाख. प्रौढ बायका दीड लाख धरू. वर दिलेलं सरासरी प्रमाण पाचातल्या एकीचं आहे. आपण फार कमी, वीसातली एक धरू. तरी ७,५०० बायका होतात. हे सर्वेक्षण नाही, हिशेबापुरती धरलेली संख्या आहे.

आता समजा शहरातून तज्ज्ञ सर्जन दर महिन्याला शिबिराला आले आणि १० ऑपरेशनं केली. वर्षाला १२०. पुरणार नाही, आणि यातल्या बहुतेकींना ऑपरेशन लागणारही नाही.

दुसरीकडे, शिकलेली एक नर्स आठवड्यातून एक दिवस फक्त याच कामाला बसली. दिवसाला ६ बायका, वर्षाला ५० आठवडे, म्हणजे ३०० भेटी. प्रत्येक बाईला ४ भेटी लागतील असं धरलं तर एका नर्समागे वर्षाला ७५ बायका. अशा २० नर्स असतील तर वर्षाला १,५०० आणि ५ वर्षांत ७,५००. आकडे तुम्ही बदलून पाहा. उत्तराची दिशा बदलत नाही. आधी मधली पायरी भरायची.

ती पायरी कागदावर आहेच. मला सुचलेली रचना अशी:

1. आशाताई: तपासणी करायची नाही, फक्त नीट विचारायचं. "प्रोलॅप्स आहे का?" या प्रश्नाला उत्तर येत नाही. "बसताना, शौचाला जाताना खाली काही हाताला लागतं का? गोळा आल्यासारखं वाटतं का?" याला येतं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवर त्यासाठी कोणते शब्द चालतात, ते आशाताईलाच माहीत असतं. प्रशिक्षण पुस्तकात ते शब्द तिच्याकडून घ्यायचे.
2. उपकेंद्रातली नर्स आणि समुदाय आरोग्य अधिकारी: पडदा, परवानगी, तपासणी, ऑक्सफर्ड स्केल, व्यायाम शिकवणं, रिंग बसवणं आणि काढणं. खरं प्रशिक्षण इथे लागेल.
3. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर: जंतुसंसर्ग, खोकला, बद्धकोष्ठ यांचे उपचार आणि कोणाला पुढे पाठवायचं हा निर्णय.
4. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय: आठवड्यातून ठराविक दिवशी पेल्व्हिक फ्लोअर ओपीडी आणि या विषयात शिकलेली एक फिजिओथेरपिस्ट.
5. कळवा किंवा मुंबईची शिकवणारी रुग्णालयं: अवघड ऑपरेशनं आणि वरच्या चौघांना शिकवणं.

अंतर विसरू नका. मुरबाडला रेल्वे नाही. माळशेजच्या पायथ्याच्या किंवा डोळखांबच्या आतल्या पाड्यावरून कल्याण गाठायचं म्हणजे अख्खा दिवस आणि मजुरी बुडते. "पुढे दाखवा" असं चिठ्ठीवर लिहिणं सोपं, जाणं अवघड. म्हणून पायरी २ जितकी भक्कम, तितकी पायरी ५ वरची गर्दी कमी.

आणि सॉफ्टवेअर? आमच्या ॲपचं काम आता वेगळं आहे. पेशंटला व्यायाम शिकवणं नाही, तर शिकणाऱ्या नर्सची नोंदवही ठेवणं. किती जणींना तपासलं, गुरूच्या आकड्याशी आपला आकडा किती वेळा जुळला, कुठली पातळी पार झाली. सोबत रिंग बसवलेल्या बायकांची यादी, पुढच्या तारखेसह, म्हणजे एकही रिंग विसरली जाणार नाही. नेटवर्क नसताना चाललं पाहिजे आणि बाईचं नाव फोनवर उघडं दिसता कामा नये. अजून कच्चं आहे. पण नर्सच नसेल तर नोंदवही कोणाची ठेवणार, हे आम्हाला पक्कं कळलंय.

तुमच्या घरासाठी

- व्यायाम: वायू रोखताना जसं आवळतो तसं आवळून आत-वर ओढायचं. श्वास रोखायचा नाही, पोट आणि ढुंगण ढिलं. ५ सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं, ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका.
- एकदा तरी शिकलेल्या नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरकडून "बरोबर होतंय का" हे तपासून घ्या.
- खोकायच्या आणि हंडा उचलायच्या क्षणभर आधी आवळा. बाळंतिणीला पहिले काही आठवडे जड उचलू देऊ नका. इथे घरातल्या पुरुषांनी हंडा उचलला तर मोठी मदत होईल.
- पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर विचारा: कारण काय, व्यायाम किंवा रिंगने चालेल का, गर्भाशय ठेवून ऑपरेशन होईल का? शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.
- पाळी गेल्यावर रक्त जाणं, लघवी अडणं, बाहेर आलेल्या भागाला जखम होणं, बाळंतपणानंतर लघवी सतत गळणं यांपैकी काही असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा.

हा लेख आईला, मावशीला, ओळखीच्या आशाताईला वाचून दाखवा. आणि ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की एक प्रश्न विचारा: आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरला हे शिकवायला कोणी येणार आहे का? रस्ता, पाणी, टॉवर यांच्या मागण्या आपण करतोच. ही मागणीही त्या यादीत घालूया.